काठी आपली, काडी परकी

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीचा, जोतिबाचा डोंगर गुलालात बुडतो. पन्हाळ्याच्या शेजारचा हा डोंगर एरवी काळ्या दगडाचा आणि वाळल्या गवताचा. पण या दिवशी देवळाच्या शिखरापासून पायरीच्या शेवटच्या दगडापर्यंत एकच रंग. खोबऱ्याची उधळण, दवण्याचा वास, हलगीचा कडकडाट, आणि माणसांच्या डोक्यावरून डुलत येणाऱ्या सासनकाठ्या. पाडळीच्या काठीला पहिला मान, मागून बाकीच्या गावांच्या. तीस-चाळीस फुटांची, क्वचित त्याहूनही उंच अशी ही काठी पेलणे एकट्यादुकट्याचे काम नाही. पेलणारा गडी मध्ये असतो आणि चारी बाजूंनी दोऱ्या ताणून धरलेले त्याचे सोबती असतात. एकाने जरी दोरी सैल सोडली तरी काठी कलते. ‘चांगभलं’चा गजर सगळ्यांच्या तोंडी असतो, काठी उभी राहते ती मात्र ताणून धरलेल्या दोऱ्यांवर.

ही काठी वेळूची. सह्याद्रीच्या या पट्ट्यात वेळू काही दुर्मीळ नाही. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा या तालुक्यांत तो बांधावर उभा दिसतो आणि घाट उतरून सिंधुदुर्गात गेले की माणगा बांबूची बेटे शेतकऱ्याला पैसे मिळवून देतात. तरीही याच जोतिबाच्या दारातल्या दुकानातून उदबत्तीचा पुडा घेतला, तर त्यातली बांबूची काडी काही वर्षांपूर्वीपर्यंत व्हिएतनाममधून किंवा चीनमधून आलेली असण्याचीच शक्यता अधिक होती. देवापुढे नाचवायची काठी आपल्या बांधावरची आणि त्याच देवापुढे लावायची काडी समुद्रापलीकडची! यात्रेच्या निमित्ताने देशी उत्पादनाचा विचार करायचा, तर या बोटभर काडीपासूनच करायला हवा. मोठमोठ्या घोषणांत जे हाती लागत नाही, ते या काडीत नेमके दिसते.

खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या म्हणण्यानुसार २००९ मध्ये आपल्याकडे कच्च्या उदबत्तीची आयात जेमतेम दोन टक्के होती. २०१९ पर्यंत ती ८० टक्क्यांवर गेली. मधल्या काळात, २०११ मध्ये, आयात शुल्क ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले होते. गोल काड्यांची आयात याच दशकात ३१ कोटी रुपयांवरून ५४६ कोटींवर पोहोचली. उदबत्ती वळणे हा घरी बसून, मुख्यतः बायकांनी करायचा उद्योग. शुल्काचा एक आकडा बदलला आणि त्यांच्या हातचे काम गेले. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्राने कच्च्या उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले. मग काय झाले? उदबत्ती यायची थांबली आणि काड्या जास्त येऊ लागल्या. म्हणून जून २०२० मध्ये काड्यांवरचे शुल्क १० वरून २५ टक्के करावे लागले. एक दार लावले तर माल दुसऱ्या दाराने आत आला.

हे का घडले? बांबू कमी होता म्हणून नव्हे. उदबत्तीच्या काडीसाठी बांबूचा जेमतेम १६ टक्के भाग उपयोगी पडतो आणि उरलेला ८४ टक्के वाया जातो, हा हिशेब आयोगानेच मांडला आहे. या उरलेल्या बांबूचा कोळसा, लगदा, फळी असे काही ना काही होत असेल तरच काडी स्वस्त पडते. तशी जोडव्यवस्था नसेल तर संपूर्ण बांबूची किंमत त्या एका काडीच्या माथी बसते आणि शुल्काची भिंत कितीही उंच केली तरी ती काडी महागच राहते. त्यात आपला कायदाही बांबूच्या आड आला होता. गवताच्या कुळातला हा बांबू १९२७ च्या वन कायद्याने झाड ठरवला होता. स्वतःच्या शेतातला बांबू तोडून नेण्यासाठीही शेतकऱ्याला परवान्यांच्या मागे हिंडावे लागे. जंगलाबाहेर वाढलेल्या बांबूची त्या व्याख्येतून सुटका झाली ती २०१७ मध्ये, म्हणजे नव्वद वर्षांनी. थोडक्यात, कच्चा माल दारात असणे आणि तयार वस्तू हातात असणे, या दोहोंमध्ये बऱ्याच पायऱ्या असतात. परावलंबन त्यातल्याच एखाद्या पायरीवर ठाण मांडून बसते आणि वरची पायरी मोकळी केली की मुकाट्याने खालच्या पायरीवर सरकते.

जोतिबाच्या वाटेवर यात्रेच्या दिवसांत आणखी एक दृश्य दिसते. कुणी अन्नछत्र घालतो, कुणी पाणी देतो, आणि कोल्हापूरचे दुचाकी मेकॅनिक पान्हे-पकडी मांडून यात्रेकरूंच्या गाड्या फुकट दुरुस्त करून देतात. पंक्चर, तुटलेली क्लचची केबल, घाटात तापलेले इंजिन, आलेली प्रत्येक गाडी ते हातावेगळी करतात. सेवा म्हणून आपण त्यांचे कौतुक करतो आणि पुढे जातो. पण या हातांमागे कोल्हापूरच्या कारखानदारीचा सगळा इतिहास उभा आहे. या शहराचा उद्योग दुरुस्तीतून जन्माला आला.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, १९०६ मध्ये कापडाची गिरणी उभारली, पाठोपाठ राधानगरीच्या धरणाला हात घातला. पाणी आले, ऊस आला, गुऱ्हाळे आली. मोटेच्या जागी विहिरीवर विलायती ऑइल इंजिन बसू लागले. हे इंजिन बिघडले की त्याचा सुटा भाग इंग्लंडहून यायचा. दुसऱ्या महायुद्धात तो येईनासा झाला, तेव्हा इथल्या मेस्त्र्यांनी तुटलेला भागच गुरू केला. तो समोर ठेवायचा, त्याचा लाकडी पॅटर्न करायचा, वाळूत साचा उठवायचा, बीड ओतायचे, लेथवर कातायचे आणि इंजिनाला बसवून पाहायचे. बसला नाही तर पुन्हा ओतायचे. असे एकेक भाग करता करता एक दिवस अख्खे इंजिन उभे राहिले. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावे कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत आजही आदराने घेतली जातात, ती या जिद्दीसाठी. त्यांच्यापुढे ना आराखडा होता, ना अनुदान. होते ते खोलून बघण्याचे धाडस आणि शेतातले पाणी थांबल्यामुळे दारात येऊन बसलेला शेतकरी.

या शेतकऱ्याचे महत्त्व कमी लेखू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमिनीला विष बाधते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायलाच दोन वर्षे लागली. पुढे पहिल्या महायुद्धात किर्लोस्करवाडीला लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळगडावरच्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्याची हकीकत या भागात सांगितली जाते. जोतिबाच्या डोंगरावरून तो गड समोर दिसतो. राजाने तोफ द्यावी आणि कारखानदाराने तिचा नांगर ओतावा, यापेक्षा औद्योगिक धोरणाची नेमकी व्याख्या सापडणे कठीण. पण त्या तोफेचा नांगर होण्याआधी नांगर ओतण्याची विद्या तिथे होती, हे विसरता येत नाही. विद्या नसती तर तोफेची नुसती मोड झाली असती.

कोल्हापूरनेच दुसरा धडाही दिला आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वतःच्या हातांनी सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि त्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. देशी कॅमेऱ्याचा हा अभिमान सार्थच आहे. पण त्या कॅमेऱ्यात घालायची कच्ची फिल्म परदेशीच होती आणि पुढची जवळपास पन्नास वर्षे ती परदेशीच राहिली. उटीच्या सरकारी कारखान्यात ती तयार होऊ लागली १९६७ मध्ये. तोवर देशातला प्रत्येक स्टुडिओ आयातीच्या कोट्याकडे डोळे लावून बसलेला असे. यंत्र आपले झाले, त्या यंत्राचा खुराक मात्र दुसऱ्याच्या कोठारात राहिला. उदबत्तीच्या काडीत आपण जे पाहिले तेच इथे शंभर वर्षांपूर्वी घडले होते.

स्वातंत्र्यानंतर देशाने आयातीला पर्याय उभे करण्याचे धोरण घेतले. त्याला आज सरसकट नावे ठेवण्याची रीत पडली आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्या आडोशाखाली कोल्हापूरची इंजिने देशभरातल्या विहिरींवर गेली, मेस्त्र्यांच्या शेडचे कारखाने झाले. नव्या रोपाला कुंपण लागतेच, हे न्यायमूर्ती रानड्यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडले होते. चूक कुंपणात नव्हती. झाड मोठे झाले तरी कुंपण काढायचे नाही, या हट्टात होती. स्पर्धा नाही म्हणून सुधारणा नाही आणि सुधारणा नाही म्हणून गिऱ्हाईक नाराज, पण त्याला जायला दुसरे दुकानच नाही. स्कूटरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहणारी पिढी हे विसरलेली नाही. त्यामुळे १९९१ मध्ये दारे उघडली तेव्हा काही कारखाने उन्हात आलेल्या रोपासारखे माना टाकून बसले.

उद्यमनगराने मात्र मान टाकली नाही. खेडोपाडी वीज पोहोचली, विजेचे पंप आले आणि ऑइल इंजिनाचे दिवस सरत गेले. तेव्हा ज्या हातांनी इंजिनाचा ब्लॉक ओतला होता, त्याच हातांनी मोटारींचे, ट्रॅक्टरचे, पंपांचे कास्टिंग ओतायला घेतले. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात तीनशेच्या आसपास फाउंड्री आहेत आणि त्यांचे कास्टिंग देशातल्या वाहन कारखान्यांत आणि परदेशातही जाते. वस्तू गेली तरी विद्या राहिली, म्हणून उद्योग राहिला. देशी उत्पादनाचे खरे भांडवल कोणते, याचे उत्तर या एका वाक्यात आहे.

आता देशाचे चित्र पाहू. २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणाने २०२२ पर्यंत कारखानदारीचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा २५ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०१४ मध्ये ‘मेक इन इंडिया’ आले, २०२० मध्ये ‘आत्मनिर्भर भारत’, पाठोपाठ १४ क्षेत्रांसाठी १.९७ लाख कोटींची उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजना. वाटा मात्र अजून १६-१७ टक्क्यांभोवतीच घुटमळतो आहे. २०२४-२५ मध्ये चीनशी व्यापारातली तूट ९९ अब्ज डॉलरच्या वर गेली. मोबाइल फोनच्या जुळणीत आपण मोठी मजल मारली, तो आता निर्यात होतो, ही जमेची बाजू. पण त्याच्या पोटातले महागडे भाग अजून बहुतांश बाहेरून येतात. जुळणी ही पहिली पायरी आहे. तिच्यावर गुलाल उधळावा, पण शिखर गाठले असे समजू नये.

खालची पायरी परक्याच्या हाती असली की काय होते, ते २०२५ ने दाखवले. त्या वर्षीच्या चैत्र यात्रेच्या आठवडाभर आधी, ४ एप्रिलला, चीनने काही दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्यापासूनचे चुंबक यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. आपल्याकडच्या विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या उत्पादकांची झोप उडाली. मुठीत मावणाऱ्या चुंबकापायी अख्खी गाडी अडते. आणि गाडी अडली की तिच्यासाठी कास्टिंग ओतणारी फाउंड्रीही अडते. गंमत अशी की ज्या मोनाझाइटमधून असे काही धातू निघतात, ते आपल्याच किनाऱ्यांच्या वाळूत आहे. वेळू आपल्याकडे आणि काडी व्हिएतनामकडे, तसे वाळू आपल्याकडे आणि चुंबक चीनकडे! नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने देशी चुंबकासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. उशिरा का होईना, पण खालच्या पायरीकडे लक्ष गेले.

म्हणून कोल्हापूरनेही आपल्या पायऱ्या मोजाव्यात. कास्टिंग आपले, पण ते कातणाऱ्या सीएनसी यंत्राचा मेंदू बहुधा जपानचा किंवा जर्मनीचा. लोखंड आपले, पण ते वितळवायला लागणाऱ्या कोकचा मूळ कोळसा बराचसा ऑस्ट्रेलियाचा. शेजारच्या इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. आज तिथे वेगवान एअरजेट माग हवा असेल तर तो बहुधा बेल्जियम, जपान किंवा चीनकडून मागवावा लागतो. सव्वाशे वर्षे माग चालवणाऱ्या गावाने अशा मागाचा कारखाना का उभारला नाही, हा प्रश्न गावाला हिणवण्यासाठी नव्हे. चालवणे, दुरुस्त करणे, भाग बनवणे आणि यंत्र घडवणे या चार पायऱ्यांपैकी आपण कुठे थबकलो, हे त्यातून कळते.

याचा अर्थ प्रत्येक वस्तू घरीच करायची असा नाही. जोतिबावर उधळले जाणारे खोबरे दक्षिणेतून आले म्हणून देव कमी पावत नाही. देवळाच्या आजच्या बांधणीत हातभार लावणाऱ्या शिंद्यांची गादी थेट ग्वाल्हेरला होती. देवाणघेवाण ही दुबळेपणाची खूण नव्हे. विकत घेणे वेगळे आणि विकत घेण्यावाचून गत्यंतर नसणे वेगळे. जी वस्तू दहा दुकानांत मिळते ती बाहेरून घ्यावी आणि आपली शक्ती वाचवावी. जी एकाच दुकानात मिळते आणि तो दुकानदार कधीही शटर ओढू शकतो, ती करण्याची विद्या मात्र महाग पडली तरी घरात असावी. शुल्क लावतानाही हे तारतम्य हवे. २०२५ च्या जानेवारीपासून केंद्राने कमी राखेच्या कोकच्या आयातीवर देशनिहाय मर्यादा घातल्या. कोक बनवणारे सुखावले, तर कोक वापरणाऱ्या पोलाद कारखानदारांनी तक्रार केली. एकाचा आडोसा दुसऱ्याच्या दारातली भिंत ठरू नये. उलट खेळण्यांच्या बाबतीत शुल्क २० वरून ६० आणि पुढे ७० टक्क्यांवर नेताना गुणवत्तेची सक्तीही केली गेली; नुसत्या भिंतीपेक्षा हे शहाणपणाचे.

सरकारने काय करावे, याची यादी नेहमीचीच आहे, कारण दुखणीही नेहमीचीच आहेत. महाराष्ट्रातला वीजदर परवडत नाही म्हणून इथले उद्योजक अधूनमधून कर्नाटकात जाण्याची भाषा करतात. कागलपासून ती सीमा हाकेच्या अंतरावर आहे. लहान कारखानदाराचे पैसे ४५ दिवसांत मिळावेत असा कायदा २००६ पासून आहे. आता वेळेत न दिलेल्या रकमेची वजावट ती प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरातही मिळत नाही. पण आपल्या मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायची छाती किती लहानांची होईल? ओतकामात वापरून झालेली वाळू टाकायची कुठे, हा तर फाउंड्रीवाल्यांचा रोजचा प्रश्न. ती पुन्हा वापरण्याजोगी करण्याची सामायिक सोय वाढली तर नदीकाठचे रान वाचेल आणि नवी वाळूही कमी लागेल. उदबत्तीच्या ८४ टक्के बांबूसारखेच हे: उरलेल्याचा उपयोग सापडला की वस्तू आपोआप स्वस्त पडते.

पण एक दुखणे सरकारी आदेशाने बरे होणारे नाही. आज इथल्या भट्टीसमोर उभा असलेला कामगार बऱ्याचदा बिहार, उत्तर प्रदेश किंवा ओडिशाचा असतो. तो येतो म्हणून उद्योग चालतो, त्याचे आभारच मानले पाहिजेत. प्रश्न आपल्या मुलांचा आहे. मेस्त्र्याच्या नातवाला अभियांत्रिकीची पदवी मिळते, पण साचा कसा उठवतात हे त्याने पाहिलेले नसते. ‘मेस्त्री’ ही एकेकाळी या शहराची पदवी होती. आता मुलाने मेस्त्री होऊ नये म्हणूनच शिकवले जाते. शिवाजी विद्यापीठ इथे आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आयटीआय आहेत आणि दहा-पंधरा मैलांच्या परिघात शेकडो भट्ट्या पेटलेल्या आहेत. आयात केलेले यंत्र बंद पडले की त्याच्या कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबायचे, की ते खोलून त्यातला बिघडलेला भाग प्रयोगशाळेच्या टेबलावर आणायचा? दुसरा मार्ग निवडणारी एक पिढी इथे होऊन गेली. तिच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. आपल्याकडे आहे, आणि तिथे परीक्षेपुरतेच प्रात्यक्षिक होते.

ग्राहकाची स्वदेशीची शपथ, सरकारचे शुल्क, बँकेचे कर्ज, कारखान्याची शिस्त, शाळेची विद्या या सगळ्या त्या सासनकाठीच्या दोऱ्या आहेत. शुल्काचीच दोरी ओढत राहिले तर काठी एका अंगाला कलते, हे आपण आडोशाच्या काळात पाहिले. ती सोडूनच दिली तर दुसऱ्या अंगाला कलते, हे उदबत्तीने दाखवले. आणि सगळ्या दोऱ्या नीट धरल्या तरी मध्ये काठी पेलणारा गडी लागतोच. कारखानदारीत तो गडी म्हणजे मेस्त्री. तोच नसेल तर दोऱ्या धरून उभे राहिलेल्यांनी ताणायचे तरी काय?

पालखी यमाईच्या देवळाकडे जाऊन येईल, यात्रा उतरेल, काठ्या आपापल्या गावी परततील आणि पुढच्या चैत्रात पुन्हा चढतील. डोंगराच्या वाटेवर तो मेकॅनिक शेवटच्या गाडीचे इंजिन खोलून बसलेला असेल. गाडीवाला घाईत असतो. त्याला गाडी सुरू झाली की पुरे. मेकॅनिक मात्र काढलेला भाग दिव्याच्या उजेडात फिरवून पाहतो, झीज कुठे झाली ते अंगठ्याने चाचपतो आणि मगच दुसरा बसवतो. उद्यमनगर असल्याच एका अंगठ्याखाली सुरू झाले होते.